नाव देणे आणि नावे ठेवणे



आज पाठटाचण नाही, सराव चाचणी नाही. आज माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातलाच आहे : वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट. आपण त्यात जे टाकतो ते नंतर कुणाला सापडते का? आणि त्यात आपण मुलांबद्दल जे लिहितो ते कुठवर जाते? हे दोन प्रश्न मला एका नऊ वर्षांच्या मुलीने शिकवले.

मी ढाणकी परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, हळद. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. माझ्या वर्गात गावातली मुले आहेत तशी तांड्यावरचीही आहेत. तांड्यावरची बरीच कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

गट सुरू झाला

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझ्याकडे तेव्हा तिसरीचा वर्ग होता. डी.एड.ला आम्हाला फळा कसा लिहायचा, शैक्षणिक साहित्य कसे करायचे हे शिकवले होते. मोबाईलवर वर्ग कसा चालवायचा हे कुणी शिकवले नव्हते. सगळ्यांनी केले तेच मी केले. पालकांचे नंबर गोळा केले, गट तयार केला. चौतीस मुलांपैकी एकतीस घरांचे नंबर मिळाले. गटाला फळ्याचा फोटो लावला आणि मनात म्हटले, झाला आपला वर्ग सुरू.

साहित्याला तर तोटाच नव्हता. एससीईआरटीची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज यायची. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपमधले व्हिडिओ उघडायचे. शिवाय आपले तंत्रस्नेही शिक्षक रोज काहीतरी नवीन बनवून पाठवायचे. मीही घरातल्या भिंतीवर तक्ता लावून व्हिडिओ काढू लागले. केंद्राच्या गटातून आले की वर्गाच्या गटात, तालुक्याच्या गटातून आले की वर्गाच्या गटात. एकच पीडीएफ मला वेगवेगळ्या गटांतून आठ-दहा वेळा यायची. तिचे नाव काय, तर ‘डॉक’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळायचे नाही. वर ‘महत्त्वाचे’, ‘अतिमहत्त्वाचे’, ‘तातडीचे’. सगळेच तातडीचे असले की तातडीचे काहीच उरत नाही, हे आपल्याला पत्रव्यवहारात चांगले माहीत आहे. तरी आपण तेच करतो.

त्यात पालकांकडून सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. चार दिवसांपूर्वीचा पाठ शोधायचा तर अंगठा दुखेपर्यंत वर सरकवायचे. माझा फोन बरा होता, घरी इंटरनेट होते, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही. पाठवले म्हणजे पोहोचले, आणि पोहोचले म्हणजे शिकले, असे माझे साधे गणित होते.

लाल यादी

जुलैपासून मी रोज संध्याकाळी एक यादी टाकू लागले. ‘आज अभ्यासाचा फोटो न पाठवणारे विद्यार्थी’. नावांपुढे लाल ठिपका. हेतू वाईट नव्हता. पालक जागे होतील, बाकीच्यांचे पाहून करतील असे वाटले. झालेही तसे, दोन-तीन जणांकडून रोज फोटो येऊ लागले आणि मी खूश झाले.

त्या यादीत तांड्यावरच्या एका मुलीचे नाव सलग अकरा दिवस आले. बाराव्या दिवशी तिच्या वडिलांनी गट सोडला. गटात ती करड्या रंगाची बारीक ओळ येते ना, अमक्याने गट सोडला, एवढीच. मी फोन लावला, लागला नाही. मनात आले ते खरे सांगते. मनात आले, यांना लेकरांच्या शिक्षणाचे काही पडलेलेच नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी ‘प्रतिसाद नाही’ असे लिहून टाकले. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गेले.

तांड्यावरची वही

उन्हाळा लागता लागता ते परत आले. शाळा बंदच होती. स्वाध्यायाच्या झेरॉक्स द्यायला मी मास्क लावून तांड्यावर गेले. वडील दारात बसले होते. या म्हणाले, पाणी दिले, पण नजर वर केली नाही. मुलगी मात्र पळत आत गेली आणि एक वही घेऊन आली.

ती वही मी आजही विसरू शकत नाही. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. त्यात जून ते ऑक्टोबरचा जवळजवळ सगळा अभ्यास होता. बेरजा, वजाबाक्या, शुद्धलेखन. आणि मागच्या पानांवर एक यादी होती. तिने स्वतः केलेली :

कुत्रं भुंकलं तो पाठ – हातच्याची वजाबाकी.
मॅडमच्या हिरव्या बांगड्या – घड्याळ.
लाईट गेली तो – नकाशा.
याडीचा पाठ – आपलं कुटुंब.

मला आधी काही कळेना. मग उलगडले. घरात एकच फोन होता, त्याची जागा सारखी भरायची. दर आठवड्याला वडील जुने व्हिडिओ पुसायचे. पुसण्याआधी ही पोरगी ते पाहून घ्यायची, गणिते वहीत उतरवायची आणि मागे लिहून ठेवायची की कोणत्या व्हिडिओत काय होते. मी माझ्या व्हिडिओंना नावेच दिली नव्हती, म्हणून तिने दिली. एका व्हिडिओत आमच्या गल्लीतले कुत्रे भुंकले होते, मला ते काढून टाकायचे सुचले नव्हते. तिच्यासाठी तीच खूण झाली. गोरमाटी बोलणाऱ्या घरात आई म्हणजे याडी, म्हणून कुटुंबाचा पाठ हा याडीचा पाठ.

मी विचारले, “मग फोटो काहून नाही पाठवला गं?”

ती वडिलांकडे पाहू लागली. वडील म्हणाले, “मॅडम, दिवसभराचं नेट तुमच्या गटात जे येते ते उतरवण्यातच संपून जाय. फोटो जातच नव्हता. पोरगी रोज अभ्यास करे. पण तुम्ही रोज तिचं नाव टाकत होत्या. गटात माझा साडू आहे, दुकानवाला आहे. बाजारात गेलो की हासत. गावासमोर नाव आलं जी.”

मला काय बोलावे सुचेना. मी तेव्हाच फोन काढून त्या याद्या पुसायला गेले. त्या काळी ‘सर्वांसाठी हटवा’ ही सोय साधारण तासाभरापुरतीच असायची. आठ महिन्यांपूर्वीची यादी माझ्या फोनवरून गेली असती, बाकी तीस फोनांवर तशीच राहणार होती. फळ्यावर लिहिलेले डस्टरने पुसता येते. इथे तसे नाही, हे त्या दिवशी कळले.

आपल्या मराठीत दोन शब्दप्रयोग अगदी शेजारी आहेत : नाव देणे आणि नावे ठेवणे. जिथे नाव द्यायला हवे होते, त्या पाठांना मी नाव दिले नव्हते. आणि जिथे नावे ठेवायला नको होती, तिथे रोज संध्याकाळी लाल ठिपक्यानिशी ठेवत होते.

बाजार कसा लागतो?

त्यानंतर मी जरा शोधू लागले, की एवढ्या लोकांनी एवढे साहित्य एकत्र टाकले तर ते लावतात कसे?

पहिले उदाहरण तर घराजवळचेच आहे. आठवडी बाजार पाहा. भाजीवाले एका ओळीत, मिरची-मसाला एका अंगाला, कपडे, भांडी वेगळी. कुठे पाटी नसते. पण नवीन माणूसही दोन फेऱ्यांत सगळे शोधतो, कारण बसणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी मिळून ती जागा ठरवलेली असते. आमचा गट म्हणजे सगळ्या गावाचा माल एकाच चादरीवर ओतल्यासारखा होता. जो शेवटी आला तो वर.

दुसरे उदाहरण ग्रंथालयाचे. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन आधी गणिताचे शिक्षक होते, हे वाचून मला फार बरे वाटले. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ मध्ये पुस्तकांच्या वर्गीकरणाची द्विबिंदू पद्धत दिली. त्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचे एक सूत्र आहे. माझ्या त्या मुलीचा वेळ आणि नेट, दोन्ही मी वाया घालवत होते.

ग्रंथालयात वर्गीकरण जाणकार माणूस करतो. इंटरनेटवर मात्र वापरणाऱ्यांनीच खुणा द्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये डिलिशिअस नावाचे संकेतस्थळ आले. लोक त्यावर आवडलेली पाने जतन करायचे आणि प्रत्येक पानाला स्वतःच्या मनाने शब्द जोडायचे. अनेकांचे शब्द एकत्र आले की कुणीही न आखलेली अशी एक मांडणी तयार व्हायची. थॉमस वँडर वाल यांनी २००४ मध्ये तिला ‘फोकसॉनॉमी’ म्हटले. म्हणजे लोकांनी केलेले वर्गीकरण. ट्विटरवरचा हॅशटॅगही असाच आला. २००७ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने तो सुचवला, कंपनीने नाही.

आपल्या मराठीतही हे आहे. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या संकेतस्थळावर लेखांना जोडायच्या अशा शब्दांना ‘शब्दखुणा’ म्हणतात. किती छान शब्द! मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे लेखांच्या गटाला ‘वर्ग’ म्हणतात. शाळेतला मुलगा एकाच वर्गात बसतो, तिथला लेख मात्र एकाच वेळी अनेक वर्गांत बसू शकतो. पैनगंगेवरचा लेख नद्यांमध्येही बसेल आणि यवतमाळ जिल्ह्यातही. ज्याला जिकडून यायचे तिकडून तो येतो आणि नदीपर्यंत पोहोचतो.

हे सगळे वाचताना मला त्या वहीचे मागचे पान दिसत होते. ‘कुत्रं भुंकलं तो पाठ’ ही शब्दखूणच होती. तिला शब्द माहीत नव्हता, काम माहीत होते.

आम्ही काय बदलले

पुढच्या वर्षी मी गटाची घडी बदलली. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पहिले, दोन गट केले. एक अभ्यासाचा, त्यात फक्त अ‍ॅडमिन टाकू शकेल अशी सेटिंग. दुसरा बोलण्याचा, तिथे शुभेच्छा, चौकशा, सगळे चालते. पालकांना आधी राग आला. एका आजोबांनी विचारले, “मॅडम, आम्ही बोलायचंच नाही का?” ते बरोबर होते. म्हणूनच दुसरा गट ठेवला. लोक गटात येतात ते एकमेकांसाठी. ते बंद केले तर तो नुसता सूचना फलक होतो.

दुसरे, प्रत्येक फोटो-व्हिडिओखाली एक ओळ लिहायचीच : इयत्ता, विषय, घटक, किती एमबी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भिंगाच्या खुणेवर टिचकी मारून शोधता येते, पण ते शोधते अक्षरे. चित्रात काय आहे हे त्याला कळत नाही. नुसता फोटो टाकला तर तो हरवलाच समजा. एकच शब्द नेहमी एकाच पद्धतीने लिहायचा. आज ‘वजाबाकी’ आणि उद्या ‘वजा’ लिहिले तर ‘वजाबाकी’ शोधणाऱ्याला उद्याचा पाठ मिळत नाही. काही पालक इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, त्यांच्यासाठी तोच शब्द तसाही लिहू लागले. एमबी लिहिल्यावर सगळ्यांत जास्त फरक पडला. आधी काय उतरवायचे हे पालक स्वतः ठरवू लागले. सोबत आपोआप उतरणारे फोटो-व्हिडिओ बंद कसे करायचे, हे मी एकेका घरी जाऊन दाखवले.

तिसरे, पाठाचे दुसरे नाव मुले ठेवतील. दर शनिवारी मुलांना विचारायचे, या आठवड्यातल्या पाठांना काय म्हणायचे? हातच्याची बेरीज झाली ‘उसनवारीचा पाठ’. मी म्हटले, उसनवारी तर वजाबाकीत असते. मग वर्गात वाद झाला, आणि त्या वादात हातचा आणि उसना यातला फरक सगळ्यांना समजला. नाव ठरवायचे तर आत काय आहे ते समजावे लागते, हा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. अडचणीही आल्या. कुत्र्याच्या गोष्टीचा पाठ आला आणि ‘कुत्र्याचा पाठ’ दोन झाले. तेव्हापासून पुस्तकातले नाव आणि मुलांचे नाव, दोन्ही सोबत लिहितो. पुढच्या वर्गाच्या मॅडमना पुस्तकातले लागते, घरी आजीला मुलांचे.

चौथे, शनिवारी सगळ्या आठवड्याची यादी एकाच संदेशात, आणि तोच संदेश कागदावर लिहून शाळेच्या दाराशी. फोन नसलेल्या तीन घरांना मी मोजणीतूनच काढून टाकले होते. आता कागद त्यांच्यासाठी. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही यादीची जागा आखून देतो. ही कल्पना कुणाची, ते सांगायला नकोच.

पाचवे, मुलाचे नाव गटात नाही. चांगल्यासाठीही नाही, कारण पाच जणांचे कौतुक केले की उरलेल्यांची यादी आपोआप तयार होते. सांगायचे ते त्या घरी फोन करून. मुलांचे फोटोही विचारल्याशिवाय नाहीत.

नाव-गाव नसलेला संदेश

एक गोष्ट पालकांसाठी. त्याच बोलण्याच्या गटात एकदा ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ असा संदेश फिरला. सोबत कुठल्यातरी अनोळखी बाईचा फोटो. एका तासात आयांचे फोन सुरू झाले, उद्या लेकरू शाळेत पाठवू का?

मी गटात फक्त तीन प्रश्न लिहिले : कोणी पाहिले? कुठे? कधी? उत्तर कुणाकडेच नव्हते. ज्याने पाठवले त्याला दुसऱ्या गटातून आले होते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची ती माणसे भिक्षा मागायला आली होती. त्या अफवेला नाव नव्हते, गाव नव्हते, तारीख नव्हती. त्या पाच जणांना मात्र जमावाने एक नाव चिकटवले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली, ‘फॉरवर्डेड’ ही खूणही तेव्हाच आली. पण कंपनीची खूण एवढेच सांगते की हा पुढे ढकललेला संदेश आहे. खरा की खोटा, ते आपणच विचारायचे. आमच्या चौथीतली मुले आता घरी मोठ्यांना विचारतात, कोणी, कुठे, कधी? प्रश्नार्थक शब्द शिकवायला याहून चांगला पाठ मला सापडला नाही.

शेवटी

त्या दिवशी तांड्यावरून परत आल्यावर मी वर्गाच्या गटात लिहिले, की मी टाकलेल्या याद्या चुकीच्या होत्या, त्यातल्या एका मुलीने सगळा अभ्यास केला होता आणि तरी मी तिचे नाव टाकत राहिले, त्याबद्दल मी माफी मागते. तिचे नाव लिहिले नाही. लिहिताना हात थरथरत होता. शिक्षिकेने पालकांसमोर माफी मागायची आपल्याकडे रीत नाही. काहींनी हात जोडल्याचे चित्र टाकले, बाकीचे गप्प राहिले.

तिच्या वडिलांना मी गटात परत येता का म्हणून विचारले. “बघू,” म्हणाले. ते आले नाहीत. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ पहिलीत आला तेव्हा पहिलीच्या गटात त्यांनी नंबर दिला, पण मुलीच्या वर्गाच्या गटात शेवटपर्यंत नाही. मी आग्रह केला नाही. त्यांचा तो अधिकार आहे.

मुलगी आता माध्यमिक शाळेत जाते. मध्यंतरी बाजारात भेटली. मी विचारले, “ती वही आहे का गं अजून?” ती म्हणाली, “हो मॅडम. पण आता त्यातले व्हिडिओ नाहीत ना कुठंच.”

माझ्याकडे होते. घरी आले, जुन्या फोनमधून ते शोधून काढले. चौदा व्हिडिओ होते, एकाचेही नाव नव्हते. एकेक उघडून पाहिला, कुत्रे भुंकेपर्यंत थांबले, आणि मग तिने दिलेली नावे एकेकाला देत बसले.